बेळगावची फूट आणि आपल्या मुलांची शाळा

बेळगावचा विषय निघाला की आमच्या बारामती-इंदापूरकडची जुनी माणसं 1986 ची आठवण काढतात. कन्नड सक्तीविरोधात तेव्हा शरद पवार स्वतः बेळगावात जाऊन आंदोलनात उतरले होते.

तिथल्या मराठी माणसाची लढाई वर्षानुवर्षं लढली ती महाराष्ट्र एकीकरण समितीने. ही वेगवेगळ्या विचारांच्या लोकांनी बांधलेली मोट. देशातून फुटायचं नाही, फक्त महाराष्ट्रात यायचं, एवढीच मागणी. महाजन आयोगाने 1967 मध्ये बेळगाव कर्नाटकातच ठेवलं, महाराष्ट्राने ते मानलं नाही. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे.

पण समितीचं काय झालं? 2013 ला दोन आमदार होते. 2018 ला दोन गट पडले, एकमेकांविरुद्ध उमेदवार उभे केले आणि हाती शून्य. 2023 लाही एक जागा नाही.

सीमा कुठे आखायची ते कोर्ट बघेल. मुलांची शाळा मात्र आज भरते. घटनेचं कलम 350 अ सांगतं, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. हे कलम बेळगावच्या मराठी मुलाचं आहे, तसंच इथल्या उर्दू शाळेतल्या मुलाचंही. मी घरी उर्दू बोलतो, वर्गात मराठी. एकासाठी मागायचं आणि दुसऱ्यावर गप्प बसायचं, हा इन्साफ नाही.

आणि भावांनो, बहिणींनो, मोहल्ल्यात दोन गट पडले की आपल्याही शाळेचा अर्ज तसाच पडून राहतो. आधी एका सतरंजीवर बसू या.