तळ्याच्या उभ्या काठावरील झाडोरा

वैशाखात तळ्यांचे पाणी खाली गेले म्हणजे काठ साफ करण्याचा उत्साह गावोगाव संचारतो. घाणेरी, बेशरम, रानमोडी, जे दिसेल ते यंत्राने खरवडावे, उरल्यास काडी लावावी आणि उघडा पडलेला काठ पाहून समाधान मानावे, असा हा प्रकार आहे. कागल भागातील आमच्या शेतकरी बंधूंस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, ही साफसफाई नसून तळे बुजविण्यास आपल्याच हातांनी केलेले साह्य होय.

मृगाच्या आधी आपल्याकडे वळीव येतो, आणि तो थोड्या वेळात पुष्कळ कोसळतो. मुळे उपटून भुसभुशीत झालेल्या उतारावर तो पडला की ओघळी पडतात व सारी माती तळ्यात उतरते. मग गाळ काढण्याचा खर्च आलाच. जयसिंगराव तलावासारखा सार्वजनिक जलाशय असो की आपल्या रानातील शेततळे असो, पाण्याची रीत एकच आहे.

मात्र झाडोरा जसाच्या तसा राखावा, असेही आमचे म्हणणे नाही. बेशरमाचा पाला शेळ्यामेंढ्यांस विषारी, घाणेरीचा गुरांस बाधक. शिवाय मातीच्या भरावावर मोठे झाड वाढू देणे धोक्याचे असते; ते वठले की मुळे कुजून भरावात पोकळ वाटा होतात व त्यांतून पाणी पाझरू लागते. तेव्हा भरावावरील रोपे लहान असतानाच काढावी. नैसर्गिक काठावरील जुन्या करंजास किंवा जांभळास मात्र हात लावू नये.

काम दिवाळीनंतर, पाऊस सरल्यावर हाती घ्यावे. काठाचे आडवे पट्टे पाडून एक तोडावा, एक राखावा. राखलेला पट्टा वरून आलेली माती अडवितो. घाणेरी वरवर छाटल्यास दुप्पट फुटते, म्हणून तिचे सोटमूळ जमिनीखाली दोन बोटांवर कुदळीने तोडावे. सारे मूळ उपसण्याचे कारण नाही. बेशरमाचा तुकडा ओल्या जागी पडला तरी रुजतो, यास्तव तोडलेले फाटे पाण्यापासून दूर, खडकावर वाळवावे. तणनाशक फवारण्याचा मोह पुष्कळांस होतो, परंतु त्याच पाण्यावर आपली जनावरे येतात, हे ध्यानी असावे.

मोकळ्या पट्ट्यावर उसाचे पाचट अंथरून खुंट्यांनी दाबावे. पाचट पेटवून देणाऱ्यांस त्याचा हा उपयोग बहुधा सुचत नाही. पाऊस स्थिरावला की त्यातच वाळ्याचे ठोंब वीतभर अंतराने आडव्या ओळीत लावावे व मधल्या जागेत हरळी धरू द्यावी. म्हैसूरकडील गुंडलुपेट भागातील शेतकरी शंभरांहून अधिक वर्षे शेताच्या बांधांवर वाळा राखीत आले आहेत. त्याची मुळे आडवी न पसरता खोल उतरतात, त्यामुळे शेजारच्या पिकास उपद्रव नाही. उरलेले पट्टे पुढील वर्षी हाती घ्यावे.

अशा काठावर मजूर उतरवावयाचा तर वरच्या झाडास बांधलेला दोर त्याच्या कमरेस असलाच पाहिजे. आठ आणे वाचविण्याची वृत्ती येथे आम्हांस मुळीच मान्य नाही.

झाडोऱ्यात सर्प राहतात, ही हरकत खरी आहे. त्यासाठी पाण्यापर्यंत माणसांस व गुरांस उतरता येईल अशी एक वाट दोन हात रुंद, दगडी पायऱ्यांची करावी आणि तेवढीच बारमाही मोकळी राखावी.