जमिनीचा पूर्वेतिहास सातबाऱ्यावर हवा

कामोठ्यात घर घेणारे कुटुंब कोणती कागदपत्रे पाहते? सिडकोचा भाडेपट्टा, भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू, बँकेला लागणारा टायटल रिपोर्ट. जमिनीच्या पोटात काय आहे, हे यांपैकी एकाही कागदावर नसते. कामोठे ही मूळची शेतीची व खाजणाची जमीन. तेव्हा या प्रश्नाने कोणी धास्तावून जाऊ नये. परंतु शेजारी तळोजा औद्योगिक वसाहत आहे आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातील भटकी कुत्री निळी झालेली साऱ्या जगाने पाहिली. पाणी निदान रंग तरी दाखवते. माती मात्र गप्प राहते.

या गप्प मातीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रथमच स्वतंत्र नियम केले. जिल्हा प्रशासनाने संशयित दूषित स्थळांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करावी, पुढील तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करून निर्णय घ्यावा, दोष आढळल्यास स्थळ जाहीर करून तेथील वावरावर निर्बंध घालावेत आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावा, अशी ही रचना आहे. देशात अशी १०३ स्थळे नोंदली गेली असून त्या वेळेपर्यंत केवळ सातच ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते. तपासाला मुदत आहे, सफाई पूर्ण करण्याला मात्र नाही. म्हणजे निर्बंध वर्षानुवर्षे टिकवावे लागणार. ते पाळले जातात की नाही हे पाहणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

केवळ कागदावरची सूचना किती तोकडी ठरते, याचा धडा अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहराने दिला. हूकर केमिकल कंपनीने सुमारे एकवीस हजार टन रासायनिक कचरा 'लव्ह कॅनॉल' या कालव्यात पुरला आणि १९५३ साली ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खाली रसायने आहेत, असे खरेदीखतात लिहिलेले होते! तरीही तेथे शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून दोनशेहून अधिक कुटुंबे हलवावी लागली. पुढच्या घरमालकांना ते खरेदीखत कोण दाखवणार होते?

आपल्या रायगड जिल्ह्यातही जमिनीचे हात बदलत आहेत. रसायनी येथील हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना १९७०-७१ पासून नायट्रोबेन्झिन, ॲनिलिन यांसारखी रसायने बनवत होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय घेतला व ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला ६१८.८० कोटी रुपयांना देण्याचे ठरले. जमीन उद्योगाकडून उद्योगाकडे गेली, हे एका अर्थी बरेच झाले. अन्यत्र अशाच जागेवर उद्या वसाहत किंवा शाळा मंजूर झाली, तर नकाशा संमत करणाऱ्या अधिकाऱ्याला तिचा पूर्वेतिहास कळणार कोठून? मंडळाची फाईल मंडळाच्या कपाटात, नगररचना खाते वेगळे, निबंधक वेगळा.

उपाय महसूल खात्याच्या हाताशी आहे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. बँकेचा बोजा तेथे चढतो, हस्तांतरणाची बंदीही तेथेच लिहिली जाते. आदिवासींच्या जमिनीवरील निर्बंध सामान्य खरेदीदाराला ठाऊक होतात ते याच रकान्यामुळे. दूषित ठरलेल्या गटाची नोंद तेथे, आणि शहरात मिळकत पत्रिकेवर, सक्तीची केली तर वकील, बँक व निबंधक हे तिघेही आपोआप पहारेकरी बनतील. पीकपाहणी करणाऱ्या तलाठ्याने, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्या गटात बोअरवेल खणली गेली का, भाजी लावली का, पाया खोदला का, एवढे पाहिले तरी पुष्कळ. सहामाही अहवाल जिल्हा प्रशासनालाच द्यायचा आहे; ही दप्तरेही त्याच्याच अखत्यारीत आहेत.

तोवर नागरिकांना एक गोष्ट करता येईल. रायगडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने किती सहामाही अहवाल दिले व त्यांत पनवेल तालुक्यातील कोणते गट आहेत, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली साध्या अर्जाने मागता येते. शुल्क दहा रुपये आहे.