उचल कागदावर आणा



दसरा जवळ आला. जिंतूर, गंगाखेड, सोनपेठकडच्या गावांत आणि तांड्यांवर मुकादमांच्या फेऱ्या सुरू झाल्यात. कोणत्या घरातून किती कोयते, कुणाला किती उचल, सगळं तोंडी ठरतंय. दिवाळीनंतर निम्मं गाव कारखान्यावर असेल.

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या अमेरिकेच्या पेपरात आपल्याच ऊसतोडीची बातमी आली. महाराष्ट्रातल्या कारखान्यांची साखर कोकाकोला, पेप्सीसारख्या कंपन्यांना जाते, आणि ऊस तोडणारी माणसं उचलीत अडकलेली आहेत, पोरींची लग्नं लवकर होतात, बायांच्या पिशव्या काढल्या जातात, असं त्यात होतं. आपल्याला हे नवं नाही. २०१९ साली सरकारी समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी आली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

नवं आहे ते वेगळंच. आपला माल कुठून येतो, तो तयार करताना कुणाला वेठीला धरलं का, हे मोठ्या कंपन्यांनी सांगावं असे कायदे झालेत. ब्रिटनमध्ये २०१५ ला झाला. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे; लांबच्या पुरवठादाराकडं अन्याय होतोय अशी ठोस माहिती मिळाली, तर कंपनीला त्यात लक्ष घालावंच लागतं. आपल्याकडं सेबीनं शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून दरवर्षी असा अहवाल सक्तीचा केलाय.

मग अडतं कुठं? कंपनी कारखान्याकडं बोट दाखवते. कारखाना म्हणतो, कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. सहकारी कारखाना शेअर बाजारात नसतो, म्हणून सेबीच्या अहवालातूनही सुटतो. आणि मुकादमाकडं असतो तो कोऱ्या स्टँपवर घेतलेला आपला अंगठा. साखळी इथं तुटते. अहवाल कारखान्याच्या गेटापर्यंत येतो, कोपीपर्यंत येत नाही.

परदेशातला कायदा आपल्या दारात येऊन न्याय करणार नाही. पण आपल्या देशाचा १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. त्यात वेठबिगारीचं कर्ज रद्द ठरतं. हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असलीच पाहिजे. १९८२ साली सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठच आहे.

कायदा चालायला कागद लागतो. तो आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. वनहक्काच्या दाव्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायला आपणच म्हाताऱ्यांचे जबाब लिहिले, जुन्या दंडाच्या पावत्या धुंडाळल्या. तसंच आता करायचं. गाव सोडण्याआधी ग्रामसभेत वही ठेवा. कोयत्यातल्या दोघांची नावं, मुकादम, कारखाना, उचल किती, टनाला दर किती, खाड्याचे किती कापणार, सोबत लेकरं किती, हे लिहा. मुकादमाची सही घ्या. परत आल्यावर किती टन तोडला, किती फिटलं, ते त्याच पानावर मांडा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

काहीजण म्हणतील, कागद मागितला तर मुकादम उचल देणार नाही. एकट्यानं मागितला तर नाहीच देणार. सगळ्या गावानं मागितला तर त्याला कोयते कुठून मिळतील? तोही कारखान्याच्या पैशात अडकलेला असतो. त्याच्याशी भांडण नको, सही हवी.

जमीन नावावर नाही म्हणून कोयता हाती येतो, आणि कोयत्यावर गेलो की दाव्याच्या पडताळणीला घर बंद असतं. म्हणून वनहक्काच्या दाव्याची फाईल आणि उचलीची वही एकाच पेटीत ठेवा. वहीची नक्कल कलेक्टर कचेरीत द्या, पोच घ्या. उद्या कुठल्या कंपनीनं ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हटलं, तर आपलं पान पुढं करता येईल.

जमीन आमच्या हक्काची! घामाचा हिशोब लेखी द्या!