नाव सापडत नाही? दोष नावाचा नाही!

"तुमचे नाव यादीत दिसत नाही" हे वाक्य आता माणूस नाही, संगणक सांगतो. त्यापुढचे वाक्य खिडकीपलीकडचा माणूस सांगतो, "मराठीत शोधू नका, इंग्रजीत टाका." माझा सगळा राग या दुसऱ्या वाक्यावर आहे.

आधी इंग्रजीचाच हिशेब पाहू. आमच्या नवापूर तालुक्यात वळवी, गावित, वसावे, पाडवी ही घरोघरची आडनावे. 'वळवी' रोमन लिपीत लिहायचे तर 'व'साठी दोन अक्षरे हजर, आणि मधला 'अ' लिहावा की गाळावा ही ज्याची त्याची मर्जी. दोन दुणे चार. एका वळवीचे चार वळवी झाले, आणि 'ळ' तर वाटेतच हरवला! देवनागरीत हे आडनाव लिहिण्याची रीत एकच. मग अवघड लिपी कोणती?

मराठीत शोध लागत नाही याची कारणे मराठीत नाहीत, साठवणुकीत आहेत. ती एकेक करून सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी आपल्याला गप्प बसवू नये.

पहिले कारण जुने फॉन्ट. शिवाजी, कृतिदेव यांत टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन चिन्हेच साठतात. वरचा मुखवटा मराठी, आतला माणूस वेगळा. अशा यादीत युनिकोडमधले 'गावित' कसे सापडणार? युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, देवनागरी तेव्हापासून तीत आहे. जुना मजकूर एकदा रूपांतरित करून तपासून घेणे हे कष्टाचे काम आहे, अशक्य नाही.

दुसरे, प्रश्नचिन्हांची रांग. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीपर्यंत नवे टेबल आपोआप लॅटिन-१ या युरोपीय अक्षरसंचात तयार होई. त्यात मराठी अक्षराला जागाच नाही, म्हणून त्या जागी प्रश्नचिन्ह साठते. असे झाले की मूळ नाव गेले. ते बॅकअपमधून किंवा कागदी अर्जावरूनच परत आणावे लागते. मात्र प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसला, तर मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त चुकीच्या संचाने वाचला जातो. अर्ज, जोडणी आणि टेबल या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ हवे. एक दुवा निसटला की माळ तुटली.

तिसरे, रकान्याची रुंदी. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना-मात्रा हीही चिन्हेच. 'नवापूर'ला १८ बाइट लागतात, रोमन स्पेलिंगला ७. रुंदी बाइटमध्ये मोजून रकाना ३० ठेवला तर त्यात आपली दहाच चिन्हे मावतात. पुढे नाव तरी कापले जाते, नाहीतर अर्ज तरी नाकारला जातो. मोजपट्टी इंग्रजीची आणि आखूडपणाचा ठपका मात्र आपल्यावर!

चौथे कारण माझ्या खास जिव्हाळ्याचे. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून शिकवला. संगणकात 'दऱ्या'तला र दोन प्रकारे साठवता येतो : स्वतंत्र 'ऱ' वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला निराळे. आकड्यांचेही तसेच. गट क्रमांक देवनागरी आकड्यांत साठवला आणि इंग्रजी आकड्यांत शोधला तर मिळत नाही. साठवताना आणि शोधताना एकच नियम लावला की प्रश्न मिटतो.

पाचवे, व्याकरण. 'रस्ता' शोधला तर 'रस्त्याचे' सापडत नाही, कारण सामान्यरूप म्हणजे काय हे यंत्राला कोणी शिकवलेलेच नाही. आणि आमच्या भागात जिव्हाळ्याचा शब्द कोणता, तर 'वन'! २००६च्या वनहक्क कायद्याचे दावे हा इथल्या आदिवासी घरांच्या जमिनीचा प्रश्न. पण मायएसक्यूएलच्या आजच्या नेहमीच्या व्यवस्थेत शब्दशोधाची किमान लांबी ३ चिन्हे असते. 'वन' दोन चिन्हांचा, म्हणून तो सूचीतच येत नाही. एक आकडा बदलून सूची पुन्हा बांधायची, एवढाच उपाय.

"तुमच्याकडे भाषा फार, म्हणून गुंता," असेही ऐकवतात. आमच्या रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते, तिथे चार भाषांत पाट्या आहेत, आणि एकही गाडी त्यामुळे चुकत नाही. युनिकोडमध्ये गुजराती 'न' आणि देवनागरी 'न' यांच्या क्रमांकांत ३८४चे अंतर आहे, आणि समोरासमोरच्या इतर अक्षरांतही तेच. एका बेरजेत जुळणारी नावे जुळवत नाहीत, याला गुंता नव्हे, आळस म्हणतात.

देशातले पहिले आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. ज्या जिल्ह्यातून माणसाला क्रमांक देण्याची सुरुवात झाली, त्या जिल्ह्यातल्या माणसाला आपले नाव आपल्या लिपीत सापडू नये?

असो. माझी मागणी साधी आहे. कोणतीही यादी लोकांसाठी खुली करण्याआधी तिची चाचणी परीक्षा घ्या. वळवी, दऱ्या, वन, रस्ता आणि १२३ हे पाच शब्द शोधायला द्या. पाचही सापडले तर उत्तीर्ण. नाही सापडले तर करणाऱ्याला बिल चुकते करू नका, आणि तोवर खिडकीशी उभ्या असलेल्या वळवीला परत पाठवू नका. कागदावरची यादी काढा आणि बोटाने शोधा.