शाळा बंद, मूल बेवारस!

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी गाठली, की जिल्ह्याची सारी यंत्रणा खडबडून जागी होते. बोटी निघतात, रस्ते बंद होतात, जनावरे हलवली जातात आणि शाळांना सुट्टी जाहीर होते. पाणी किती इंचांनी वाढले, किती इंचांनी उतरले, याचा हिशेब तासातासाला ठेवला जातो. पण शाळा सुटून घरात कोंडल्या गेलेल्या पोराच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर एकाही टेबलावर मिळत नाही. पुन्हा पावसाळा तोंडावर आला आहे. पुन्हा सुट्टीचे आदेश निघतील, पुन्हा व्हॉट्सअॅप गटांवर अभ्यास ढकलला जाईल. म्हणून हा सवाल आज आम्ही चव्हाट्यावर मांडत आहोत.

शाळा बंद झाली की मुलाचे काय होते, हे कोविडने आधीच दाखवले आहे. मार्च 2020मध्ये शाळांना कुलपे लागली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा झाली. दीक्षा अॅपचा आधार घेतला गेला, अभ्यासमाला आली, जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. या कामात ज्यांनी जीव ओतला, त्यांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण घोषणेतले ते ‘शिक्षण’ मुलाच्या हातात पडले कसे? शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या माणसाच्या घरात स्मार्टफोन एकच. तो सकाळी बापाच्या खिशातून कारखान्यात जातो आणि रात्री आठला परत येतो. मग तिघा भावंडांत त्याच्यावरून ओढाताण. थोरलीची दहावी म्हणून पहिला मान तिचा. धाकट्याच्या हाती फोन येईपर्यंत बॅटरी तळाला गेलेली, दिवसाचा डेटा संपलेला आणि गटावर गृहपाठाचे पन्नास मेसेज साचलेले. ते पोर ‘हजर सर’ एवढे दोन शब्द टाइप करते आणि झोपते. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात ते उपस्थित असते!

गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर तर तेवढेही नशिबी नव्हते. रेंजसाठी पोरे टेकड्या चढली. शेजारच्या सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावच्या एका विद्यार्थिनीने भर पावसात डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला आणि साऱ्या महाराष्ट्राने तिचे कौतुक केले. कौतुक तिच्या जिद्दीचे व्हायलाच हवे. पण लेकीला शिकण्यासाठी डोंगरावर एकटे बसावे लागते, याची लाज कोणाला वाटली? आपण टाळ्या वाजवल्या आणि मोकळे झालो.

फोन होता, रेंज होती, त्यांचे तरी सुरळीत होते का? एनसीईआरटीने 2022च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या 3 लाख 79 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारले. त्यांतल्या 51 टक्क्यांनी सांगितले, की ऑनलाइन शिकवलेले समजायला जड जाते. 28 टक्क्यांना प्रश्न विचारायचाच संकोच वाटत होता. वर्गात हात वर करणारे मूल पडद्यापुढे मुके झाले. कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि त्या काळ्या चौकोनामागे पोर रडते आहे, की उपाशी आहे, की कधीच उठून गेले आहे, हे बाईंना कळायला मार्ग नव्हता.

आणि कोल्हापूरच्या मुलांनी काय काय सोसले, ते आठवा. 2021च्या जूनमध्ये राज्यात कोविडची दुसरी लाट ओसरत होती, आपल्याकडे मात्र ती हटायला तयार नव्हती. ती संपते न संपते तोच जुलैत महापूर आला. 2019च्या पुरातून नुकती कुठे सावरलेली शिरोळ, करवीरची घरे पुन्हा पाण्यात गेली. दप्तरे भिजली, फोन वाहून गेले. कित्येक गावांत शाळाच निवारा केंद्रे झाल्या. म्हणजे शाळेची इमारत होती, आत मुले होती, फळाही होता; नव्हता तो फक्त त्या मुलांना गोळा करून बसवणारा माणूस. कोविडमध्ये आई-बाप दोघेही गमावलेल्या बालकांच्या नावे सरकारने 5 लाखांची ठेव ठेवली. योग्यच केले. पण बापाचे तेरावे झाल्यावर ज्या पोराने सोमवारी सकाळी पुन्हा लिंक उघडली, त्याच्याशी कोण बोलले?

केंद्र सरकारने जुलै 2020मध्ये ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिका काढून पडद्यापुढच्या तासांना मर्यादा घातली. त्याच महिन्यात मानसिक आधारासाठी ‘मनोदर्पण’ उपक्रम आणि मदतवाहिनीही आली. कागदावर सारे उत्तम. पण घरात एकच फोन, एकच खोली आणि शेजारी बसलेला बाप. अशा घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीने अनोळखी माणसाला फोन लावून आपले दुःख सांगावे, ही अपेक्षा ज्यांनी केली, त्यांनी असे घर आतून पाहिलेले नाही. तिच्या ओळखीचे, विश्वासाचे माणूस म्हणजे तिच्या वर्गशिक्षिका. आणि शिक्षकांना आपण कुठे पाठवले होते? सर्वेक्षणाला, नाक्यांवर, माहितीचे तक्ते भरायला! लिंक किती पाठवल्या, किती उघडल्या, हे वर कळवायचे. मूल कसे आहे, या प्रश्नाला तक्त्यात रकानाच नव्हता.

हे शाहूनगरीत घडावे, याचा संताप अधिक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला, हे आपण जयंतीला अभिमानाने सांगतो. पण त्याच्याही सोळा वर्षे आधी, 1901मध्ये, त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले होते. एकामागून एका समाजाची वसतिगृहे निघाली आणि कोल्हापूर वसतिगृहांची जननी ठरले. खेड्यातून आलेल्या पोराला पुस्तकाआधी निवारा लागतो, पोटभर अन्न लागते, सोबतीला चार मुले आणि पाठीवर हात ठेवणारे वडीलधारे माणूस लागते, हे त्या राजाने ओळखले होते. शंभर वर्षांनी, खिशात इंटरनेट घेऊन, आपण नेमके तेवढेच विसरलो.

‘कोविड गेला, आता हे उकरून काय उपयोग?’ असे म्हणणाऱ्यांनी आजचे वर्ग पाहावेत. ग्रामीण भागातली पहिली ते चौथीची मुले डिसेंबर 2021मध्ये, वीस महिन्यांनी वर्गात परतली. ‘असर’च्या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले 2018मध्ये 27.3 टक्के होती. 2022मध्ये ती 20.5 टक्क्यांवर आली. तुटलेली सोबत, आटलेले धाडस, चारचौघांत बोलायची भीती यांची तर मोजदादच झाली नाही. आणि ‘मनाबिनाची थेरं श्रीमंतांची’ म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो: भ्यालेले मूल पाढे पाठ करते का?

म्हणून जिल्हा परिषदेने आणि महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीने पहिल्या पुराआधी शाळाबंदीची नियमावली जाहीर करावी. शाळा तीन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली, की वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाशी आठवड्यातून दोनदा बोललेच पाहिजे. फोन नसेल तर घरी जाऊन. त्या काळात शिक्षकाला दुसरी कसलीही ड्युटी लावू नये. शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक प्रशिक्षित समुपदेशक द्यावा आणि शिक्षकाला शंका आली, की तो त्या मुलापर्यंत पोहोचावा. प्रत्येक निवारा केंद्रात एक खोली मुलांची असावी. तिथे गोष्टीची पुस्तके, रंग, चेंडू आणि एक शिक्षक असावा. कोविडकाळात सोलापुरात निलमनगरच्या भिंतींवर धडे रंगवून शिक्षकांनी गल्लीलाच शाळा केले होते. आपल्या पेठापेठांतल्या तालमी पुरात जिवावर उदार होऊन माणसे वाचवतात. त्यांनी आपली सभागृहे दहा-दहा मुलांच्या गटांसाठी उघडावीत. आणि अहवालातला पहिला रकाना हजेरीचा नको, मुलाच्या हालहवालाचा हवा.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती इच्छा आणि थोडा पैसा. जो जिल्हा ऊस वेळेत तुटावा म्हणून महिनोन्महिने नियोजन करतो, त्याला आपल्या लेकरांसाठी आठ दिवसांत एक नियमावली करता येत नसेल, तर दसरा चौकातल्या राजर्षींच्या पुतळ्याला हार घालण्याचा अधिकार त्याने गमावला आहे. लोकप्रतिनिधींनो, अधिकाऱ्यांनो, नियमावली काढा. आणि पालकांनो, ती निघेपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक बैठकीत उभे राहून एकच प्रश्न विचारा: शाळा बंद झाल्यावर माझ्या मुलाशी बोलणार कोण? नाव सांगा!