परसात ग्रीनहाऊस? आधी ट्रेचा हिशोब करा

परदेशातले व्हिडिओ बघून घरामागे प्लास्टिकचं ग्रीनहाऊस बांधायचं ठरवलंय? जरा थांबा. तिकडे थंडीत रोपाला ऊब मिळावी, हंगाम लांबावा म्हणून ते लागतं. आपल्या जालन्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. चारी बाजूंनी प्लास्टिक लावलंत तर रोपवाटिका नाही, भट्टी होईल.

आपल्याला हंगाम लांबवायचा तो उन्हाळ्यात. त्यासाठी वर ५० टक्के सावलीची शेडनेट आणि बाजूंना पांढरी माशी अडवणारी बारीक जाळी. हे इथे नवीन नाही. महिको १९६४ साली जालन्यातच सुरू झाली, आणि आज जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात शेतकरी शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटोचं बियाणं पिकवतात. म्हणजे जाळी बांधणारा माणूस शोधायला पुण्याला जायची गरज नाही.

आता धंद्याचं बोलू. समजा, २० बाय ३० फूट जागा आहे. चालायची वाट सोडून साधारण १५० ट्रे बसतील. ९८ खाचांचा ट्रे धरला तर १४,७०० रोपं. काही उगवणार नाहीत, काही मरतील. हातात १३,००० धरा. मिरची ४ बाय दीड फुटावर लावली तर एकरी ७,२६० रोपं लागतात. म्हणजे तुमची पूर्ण बॅच दोन एकरांनासुद्धा पुरत नाही! आणि ती तयार व्हायला ३५-४० दिवस.

म्हणून माझं स्पष्ट मत: एवढ्याशा जागेसाठी घरातलं सोनं गहाण ठेवू नका. सरकारची २०२० ची अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आहे, पण ती १० गुंठ्यांच्या हिशोबाची. परसात बसत नाही. जुने पाइप, बांबू वापरा. आणि मिरचीवाल्या मोठ्या शेतकऱ्याच्या मागे लागू नका, त्याला मोठ्या नर्सऱ्या आहेतच. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे दहा-वीस गुंठेवाला, ज्याला फक्त दोन हजार रोपं हवीत. शिवाय शहरातल्या गच्चीवाल्या ताई. त्या ट्रे नाही, कुंडीतलं एक रोप घेतात, आणि भाव जास्त देतात.

बी पेरायच्या आधी वहीत नावं लिहा. जात कोणती, किती रोपं, कोणत्या तारखेला, आगाऊ किती दिले. वाढून गेलेलं रोप कोणी घेत नाही, फुकट दिलं तरी. दहा नावं आगाऊसकट जमली की मगच जाळीचं माप घ्यायला या.