पडद्याआधी टेबल मोजा

विरार लोकलची गर्दी टळली, तरी घरी संगणकापुढे बसून मान धरलेले रुग्ण वाढत आहेत. त्यांतील अनेकांचा प्रश्न असतो : पडदा 24 इंची घ्यावा की 27 इंची?

वाचकहो, याचे उत्तर आपल्या टेबलावर अवलंबून आहे. डोळे आणि पडदा यांत हातभर, म्हणजे 50 ते 70 सेंटिमीटर अंतर असावे. वसई-विरारच्या लहान सदनिकेत भिंतीलगतचे टेबल दीड फूटच पुढे येत असेल, तर इतके अंतर मिळणे कठीण. 27 इंची पडदा सुमारे 60 सेंटिमीटर रुंद असतो. जवळून त्याच्या कडा पाहताना मान सतत वळवावी लागते. तेथे 24 इंचीच बरा. टेबल अडीच फुटी असल्यास 27 इंची अवश्य घ्यावा. मात्र 2560 बाय 1440 रेझोल्यूशनचा, म्हणजे अक्षरे रेखीव दिसतील.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. बायफोकल चष्मा असल्यास आणखी खाली. दर 20 मिनिटांनी 20 फूट दूर पाहावे. आईचे काम आणि मुलाचा अभ्यास एकाच टेबलावर होत असेल, तर वाचलेल्या पैशांत उंची बदलणारी खुर्ची घ्यावी. मानेला वाढीव 3 इंचांपेक्षा तीच अधिक उपयोगी.